छोट्या डिकीतला मोठा आवाज

मोटारीच्या डिकीत बसणारे सबवूफर आणि त्याला चालविणारा अॅम्प्लिफायर यांची निवड ही वरवर पाहता खासगी हौसेची बाब. मात्र या निवडीचे पडसाद गावाच्या रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर उमटतात. तेथे कायद्याचा हात अपुरा पडतो. म्हणूनच दुकानाच्या काउंटरवर होणाऱ्या निर्णयाचा विचार करणे आवश्यक आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के कर आणि वर उपकर असा भार होता. या कपातीने ग्रामीण मध्यमवर्गाच्या आवाक्यात पहिली मोटार आणून ठेवली. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या धानपट्ट्यातल्या गावासाठी ही मोटार म्हणजे तालुक्याला, दवाखान्याला आणि सोयरिकीला जाण्याचे साधन आहे. या परिसराला आवाजाचे वावडे मुळीच नाही. दिवाळीनंतरची मंडई, शंकरपट आणि रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटके ही येथील सांस्कृतिक जीवनाची अंगे आहेत. ध्वनिवर्धक हा त्यांचा जुना सोबती. तेव्हा नव्या मोटारीत चांगले संगीत असावे असे तरुणाला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो किती आणि कशाचा.

वॅटचा फसवा हिशेब

बाजारात खोक्यावर हजार, दोन हजार वॅट असे ठळक आकडे छापलेले असतात. ते बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचे असतात. सलग किती शक्ती पेलता येते, हे ‘आरएमएस’ हा आकडा सांगतो. खरेदी करताना सबवूफर आणि अॅम्प्लिफायर या दोहोंचे आरएमएस आकडे जुळवावेत. ओहममध्ये मोजला जाणारा रोधही जुळला पाहिजे. चार-चार ओहमच्या दोन कॉइल असलेले सबवूफर समांतर जोडले तर दोन ओहमचे होते, एकसर जोडले तर आठ ओहमचे. अॅम्प्लिफायर दोन ओहमवर चालण्यास सक्षम नसेल, तर समांतर जोडणीत तो तापतो आणि बंद पडतो.

त्याहून महत्त्वाची बाब कानाच्या स्वभावाची आहे. शक्ती दुप्पट केली की आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटावा, यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. थोडक्यात, ३०० वॅटऐवजी ६०० वॅटचा अॅम्प्लिफायर घेणाऱ्याच्या खिशाला मोठी कात्री लागते आणि कानाला मात्र जेमतेम फरक कळतो. शिवाय छोट्या मोटारीची बंदिस्त जागा स्वतःच खालच्या सुरांना उचलून धरते. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली मोटारीतला आवाज मोकळ्या जागेतल्यापेक्षा आपोआप वाढतो. म्हणजेच गाडी जितकी लहान, तितकी शक्तीची गरज कमी.

डिकी लिटरमध्ये मोजा

अल्टो के-१० ची डिकी २१४ लिटरची, स्विफ्टची २६५ आणि वॅगन-आरची ३४१ लिटरची. दहा इंची सबवूफरला बंद खोका दिला, तर आतून २० ते २८ लिटर जागा पुरते. फळ्यांची जाडी धरून बाहेरून सुमारे ४० लिटर जातात. बारा इंची सबवूफर आणि छिद्राचा खोका घेतला, तर हाच आकडा सहज दुप्पट होतो आणि अल्टोत धानाचे पोते किंवा लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा ठेवायला जागा उरत नाही. छिद्राचा खोका त्याच शक्तीत अधिक जोराचा आवाज देतो हे खरे. पण बंद खोक्याचा आवाज आटोपशीर आणि स्वच्छ असतो, बनविताना झालेल्या लहानसहान चुकाही तो झाकून नेतो. ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांनी आसनाखाली बसणारे आठ इंची सबवूफर पाहावे. त्यातच अॅम्प्लिफायर अंगभूत असतो. टाकीवर किंवा तिच्या झडपेजवळ अॅम्प्लिफायर बसवू नये. तळाच्या पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी खालून इंधनाची नळी जात नाही ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

आता विजेचा हिशेब. ३०० वॅट आरएमएसचा क्लास-डी प्रकारचा अॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर तो भर जोरात सुमारे ३७५ वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टवर २७ अँपिअर ओढतो. जुन्या क्लास-एबी प्रकारच्या अॅम्प्लिफायरला याच कामासाठी ४० अँपिअर लागतात. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर दिवे, पंखा, वातानुकूलन आणि बॅटरीचे चार्जिंग यांचाही भार असतो. म्हणून क्लास-डी हाच शहाणपणाचा पर्याय. बॅटरीपासून निघणारी तार तांब्याची आणि पुरेशा जाडीची असावी. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. पत्र्यावर घासून तारेचे आवरण फाटले, तर गाडीला आगीपासून वाचविणारी तेवढीच एक गोष्ट असते. वेगवेगळ्या गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. ते वापरल्यास मूळ तारा कापाव्या लागत नाहीत आणि हमीवरून वाद उद्भवत नाही. विमा कंपनीलाही या उपकरणांची नोंद द्यावी. न नोंदविलेल्या वस्तूची भरपाई मागणे अवघड जाते.

कायद्याचा कान

येथपर्यंतचा विचार ग्राहकाच्या हिताचा झाला. नागरिकाच्या हिताचा विचार येथून सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निकालाने या नियमांना बळ दिले. त्या याचिकेमागे एका १३ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराची घटना होती. शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात तिची हाक कोणालाही ऐकू गेली नव्हती. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

इतके असूनही डिकीतल्या सबवूफरसमोर हे नियम लंगडे पडतात. त्याची कारणे तांत्रिक आहेत. नियमांतील डेसिबल हे ‘ए’ भारांकाचे आहेत. मंद आवाजात मानवी कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, या तत्त्वावर हा भारांक ठरला. त्यानुसार ५० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३० डेसिबल वजा केले जातात. म्हणजे एखाद्या घरासमोर ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा दणका बसत असेल, तरी यंत्रावर तो ५५ दिसेल. नियमाच्या दृष्टीने दिवसा तो मर्यादेतच! या सुराची तरंगलांबी जवळपास सात मीटर असते. त्यामुळे भिंत त्याला फारसे अडवीत नाही. खिडकीची काच थरथरते, छपराचे पत्रे वाजतात, आजारी माणसाच्या छातीत धडधड होते. यंत्र मात्र शांत असते.

दुसरी अडचण सरासरीची. मर्यादा कालावधीच्या सरासरीवर मोजल्या जातात. एका मिनिटात गल्लीतून निघून जाणारी गाडी त्या सरासरीत विरघळून जाते. तिसरी अडचण तक्रारीची. दिवसा मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक आवाज झाल्यास तक्रारीचा अधिकार मिळतो. पण मोजणारा येईपर्यंत गाडी पुढच्या गावात पोहोचलेली असते. मंडपातला डीजे एका जागी उभा असतो, डिकीतला नसतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन करणाऱ्या वाहनासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना निलंबनाची तरतूद आहे. मात्र तिचा रोख प्रामुख्याने हॉर्न आणि सायलेन्सरकडे राहिला. पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. दंडाचा आकडा मोठा असला, तरी मोजमापच फसवे असेल तर तो कागदावरच राहणार.

उपाय काय?

खालच्या सुरांना जवळपास पूर्ण वजन देणारा ‘सी’ भारांक अस्तित्वात आहे. ५० हर्ट्झला तो जेमतेम दीड डेसिबल वजा करतो. ‘ए’ आणि ‘सी’ अशी दुहेरी नोंद घेतली, तर दोहोंतील तफावतच दणक्याची साक्ष देईल. स्वीडनमध्ये घरातील आवाजासाठी ३१.५ ते २०० हर्ट्झ दरम्यानच्या प्रत्येक पट्ट्याचे स्वतंत्र मार्गदर्शक आकडे आहेत. केंद्राने आपले नियम सुधारताना या अनुभवाचा विचार करायला हरकत नाही. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. अनेक ध्वनिमापकांत ‘सी’ची सोय आधीपासूनच असते.

नियम बदलायला काळ जाईल. तोवर खरी मर्यादा ग्राहकाच्या निवडीतच आहे. दहा इंची सबवूफर, बंद खोका, दोनशे ते तीनशे वॅट आरएमएसचा क्लास-डी अॅम्प्लिफायर, ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर आणि संयमाने लावलेला गेन एवढ्यात छोट्या मोटारीतले संगीत भरदार होते. याहून अधिक जे विकत घेतले जाते, ते आत बसलेल्यांसाठी नसते; ते बाहेरच्यांना ऐकविण्यासाठी असते. आत बसलेल्यांसाठीही ते धोक्याचेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, असे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे सूत्र सांगते. १०० डेसिबलला उरतात अवघी पंधरा मिनिटे. दिघोरीहून साकोली गाठायलाही तेवढ्यात जमणार नाही.

धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री आवाज दूरवर जातो. नाटकाला आलेले लोक तो आवाज स्वेच्छेने ऐकतात, कारण ते तिकीट काढून आलेले असतात. रस्त्याकडेच्या घरात झोपलेल्यांनी असे कोणतेही तिकीट काढलेले नसते. सबवूफर निवडताना किमतीइतकाच हा फरकही लक्षात घ्यावा, एवढीच अपेक्षा.