आपल्याच युनियनपुढे ठेवलेले मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सरचिटणीस व सर्व कार्यकारिणी सदस्य

विषय : पुढच्या संपाची नोटीस देण्याआधी कनिष्ठ, बदली व मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारांबाबत ठराव करण्याविषयी.



मागणीपत्र एरवी व्यवस्थापनाला जाते. हे आपल्याच कार्यालयात आणून देतो आहोत, याचा राग मानू नये. गेल्या संपात सात आठवडे आम्ही गेटसमोरच्या मांडवात बसलो. आमच्यातला एकही जण फुटला नाही, मागच्या गेटने आत गेला नाही. त्या जोरावरच हे लिहीत आहोत.

संप मिटला त्या दिवशी पहिल्या पाळीला गेट उघडले. कायम कामगार गुलाल उधळत आत गेले, आम्हीही टाळ्या वाजवल्या. मग आमची पाळी आली, तर कार्ड मशीन घेईना. टाइम ऑफिसच्या खिडकीतून निरोप मिळाला, "गरज लागेल तसं बोलावू." समझोत्यात ‘सर्व कामगारांना कामावर घेण्यात येईल’ असे वाक्य होते. व्यवस्थापनाने ‘कामगार’ म्हणजे मस्टरवरचा कायम कामगार असा अर्थ लावला. मसुदा वाचताना तो धोका आपल्यापैकी कुणालाच दिसला नाही. आमच्यापैकी काहींना चार महिने बोलावणे आले नाही. एकजण आता चाकणमध्ये टेम्पो चालवतो. तो परत येणार नाही.

हे फक्त आपल्या गेटवर घडले असे नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत बदली कामगार मोठ्या संख्येने होते. रोज गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी खाडा केला तर काम, नाहीतर आल्या पावली परत. बदल्यांना कायम करा, ही त्या संपाची एक मागणीच होती. ज्यांच्या गावाकडे थोडीफार शेती होती ते कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे गेले आणि तग धरून राहिले. ज्यांच्यामागे तेही नव्हते त्यांनी शहरात मिळेल ते केले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे बदलीवाल्याच्या परतीची अट कुणाला घालायची हा प्रश्नही उरला नाही.

अलीकडचे उदाहरण एसटीच्या संपाचे. 2021 च्या नोव्हेंबरात सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना 5,000 रुपये, दहा ते वीस वर्षे असलेल्यांना 4,000, त्यापुढे 2,500. कनिष्ठांचा पगार किती खाली राहिला होता याची ती कबुलीच म्हणायची. पण त्याच महिन्यात रोजंदारांच्या हाती सेवासमाप्तीच्या नोटिसाही पडू लागल्या. कायम माणसापर्यंत पोचायला निलंबन, आरोपपत्र, चौकशी अशा पायऱ्या चढाव्या लागतात. रोजंदाराला एक कागद पुरतो. मोठा वाटा आणि मोठा धोका, दोन्ही एकाच वर्गाच्या पदरात, हे ध्यानात घ्यावे.

गेट मीटिंगमध्ये आम्हाला सांगितले जाते, "पोरांनो, आमची पाच वर्षं राहिली, तुमची तीस. ही वाढ शेवटी तुम्हीच खाणार." हिशोब बरोबर आहे. तो फक्त टिकणाऱ्याला लागू आहे.

ज्येष्ठांना झळ लागत नाही असे आमचे म्हणणे नाही. संपाच्या पाचव्या आठवड्यात आपले एक काका निवृत्त झाले. निरोपाचा नारळ मांडवातच दिला. करार मात्र संप मिटल्याच्या तारखेपासून लागू झाला, त्यामुळे त्यांची ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर निघाली. सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा शेवटचा पगार, असे ते गणित. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचे किती गेले ते ज्याचे त्याने मोजावे. म्हणून आमची पहिली मागणी त्यांच्यासाठी आहे : नवा करार जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू झाला पाहिजे आणि मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना फरक मिळाला पाहिजे. हे लेखी मिळेपर्यंत सही करू नये.

दुसरी मागणी परतीची. समझोत्याला पुरवणी यादी जोडावी. तीत बदली, प्रोबेशनवरचा, मुदतीच्या नेमणुकीवरचा अशा प्रत्येकाचा टिकिट नंबर असावा आणि ती यादी सही करणाऱ्या नेत्याने मांडवात मोठ्याने वाचून दाखवावी. नंबर राहिला असेल तर ज्याचा त्याला तिथेच कळेल. कामावर घेताना माणसे टप्प्याटप्प्याने घ्यायची ठरली, तर पहिल्या टप्प्यात निम्मे तरी आमचे असावेत. कायम माणूस आठवडाभर उशिरा आत गेला तरी त्याची नोकरी जात नाही.

तिसरी मागणी जरा किचकट आहे, पण आमच्या लेखी सर्वांत मोठी. कायम कामगाराची सेवा बेकायदा नसलेल्या संपाने खंडित होत नाही, कायदाच तसे म्हणतो. बदलीवाल्याचे सगळे वर्षातल्या 240 दिवसांवर चालते. हे दिवस मोजताना पगारी रजा, ले-ऑफ, बाळंतपणाची रजा, कामावरच्या अपघाताने बुडालेले दिवस धरतात. त्या यादीत संप नाही. म्हणजे 215 दिवस भरलेला मुलगा सात आठवडे आपल्याबरोबर बसला, की त्याचे वर्ष वाया. नंतर कोर्टात गेले तरी वकील हजेरीचेच दिवस मोजणार. यावर उपाय एकच : संपाचे दिवस 240 मध्ये आणि प्रोबेशनमध्ये धरले जातील, असे कलम समझोत्यातच घालून घेणे. बदली म्हणून वर्षानुवर्षे राबवून कायमपणाचे हक्क डावलणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. ती तक्रार युनियनने स्वतः लावून धरावी, आमच्यावर ढकलू नये. बदलीवाला नाव घालून तक्रार करील तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणे कोण पाठवणार?

त्याच कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला संपाच्या नोटिशीआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. आपण हात वर करून घेतो, आणि आमच्यातले बहुतेक सभासदच नाहीत, कारण कन्फर्मेशनचे पत्र आल्याशिवाय पावती फाडायची नाही असा आपला रिवाज. हा रिवाज बंद करा. निम्म्या वर्गणीत सभासदत्व द्या, मतदान गुप्त घ्या. आम्हाला वेगळा नकाराधिकार नको. फक्त आमचा कौल काय पडला तो आकडा नेत्यांना नोटीस देण्याआधी माहीत असावा. (अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलांना मात्र यात ओढू नका. कायद्याने ती शिकाऊ आहेत, कामगार नाहीत. गेल्या वेळी त्यांना मांडवात बसवले, ते चुकलेच.)

आता शिध्याविषयी. दर शनिवारी मांडवात पिशव्या वाटल्या : तांदूळ, डाळ, तेल, साखर. सगळ्यांना सारख्या. वाटणाऱ्यांची नियत स्वच्छ होती. पण आमच्यातले बरेच जण कॉट बेसिसवर राहतात, खोलीत गॅस नाही, जेवण मेसचे. एकाने शिध्याची पिशवी मेसवाल्या मावशींना नेऊन दिली, त्यांनी आठ दिवसांचे डबे त्यात धरले. बाकीच्यांनी तांदूळ गावी पाठवला आणि स्वतः वडापाववर दिवस काढले. ज्येष्ठांना पतपेढीचे कर्ज मिळाले. आम्ही कायम नाही म्हणून पतपेढीचे सभासद नाही, म्हणून जामीनही कुणी नाही. शिवाय कमी पगाराच्या आम्हाला ईएसआय लागू. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी भरावी लागते. बदलीवर तुटक दिवस भरणाऱ्याचे संपात तेही हुकते.

तेव्हा संप निधीची लेव्ही माणशी सारखी न घेता मूळ पगाराच्या टक्क्याने घ्यावी, आणि मदत गरजेप्रमाणे, शक्यतो रोख द्यावी. पतपेढीने युनियनच्या हमीवर कायम नसलेल्यांना छोटे कर्ज देण्याचा ठराव वार्षिक सभेत आणावा.

कामावर परतताना हमीपत्र मागितले तर कुणी एकट्याने सही करायची नाही. युनियनच्या प्रतिनिधीसमोरच होईल.

शेवटची मागणी अजून न आलेल्यांची आहे. करार अडला की व्यवस्थापन एक वाक्य पुढे सरकवते : ‘यापुढे भरती होणाऱ्यांना सुधारित श्रेणी लागू राहील.’ सुधारित म्हणजे कमी. सही करणाऱ्यांपैकी कुणाचे काही जात नाही, म्हणून ते खपते. 2007 नंतर लागलेल्यांच्या कनिष्ठ श्रेणीचा प्रश्न जानेवारी 2019 मध्ये बेस्टच्या नऊ दिवसांच्या संपापर्यंत येऊन ठेपला, आणि त्यासाठी ज्येष्ठ चालक-वाहकही बाहेर राहिले. आपण ते वाक्य दारातच परत करावे.

या मागण्यांवर येत्या कार्यकारिणीत चर्चा व्हावी आणि आमच्या तीन प्रतिनिधींना बसू द्यावे.

सोबत सह्यांचे दोन कागद जोडले आहेत. पहिल्यावर पाठिंबा देणाऱ्या ज्येष्ठांच्या सह्या नाव व टिकिट नंबरासह आहेत. दुसऱ्यावर प्रोबेशनवरच्यांनी गोलाकार सह्या केल्या आहेत, पहिली कुणाची ते कळू नये म्हणून. हा दुसरा कागद कार्यालयाच्या कपाटातच ठेवावा, त्याची झेरॉक्स काढू नये.

आपले,
कनिष्ठ, बदली व मुदतीचे कामगार