नाटक करायचंय? मग आधी वाचा!



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की शाळेत नाटकाचं वारं शिरतं. पाठांतर, तालमी, खोट्या दाढी-मिशा, भाड्याने आणलेले पोशाख! त्या धांदलीत तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात हळूच येऊन जातं, ‘मोठेपणी आपण हेच केलं तर?’ घरी बोलून दाखवलं, की आई-बाबा एकमेकांकडे बघतात. ‘आधी दहावी तर होऊ दे,’ असं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

आज आपण तो विषय थोडा पुढे नेऊ या. नाटक ही नुसती पुस्तकं वाचून येणारी विद्या नाही, हे आधीच सांगून टाकते. ती रंगमंचावर उभं राहूनच येते. पण न वाचणाऱ्या नटाचं काय होतं, ठाऊक आहे? दिग्दर्शक सांगेल तेव्हा तो हात वर करतो, सांगेल तिथे रडतो. का, ते त्याला कळत नाही. मग तो टीव्हीवर पाहिलेल्या कुणाची तरी नक्कल करू लागतो. वाचणारा नट मात्र ‘हे पात्र असं का वागतं?’ असं विचारू शकतो. शिवाय तालमीला माणसं लागतात, जागा लागते, पैसा लागतो. वाचायला मात्र वाचनालयाचं कार्ड पुरतं. म्हणून शाळेच्या वयातच सुरू करता येईल अशी गोष्ट हीच.

तर सुरुवात कुठून करायची? अर्थातच नाटकांपासून. पण सावध राहा हं! नाटकाचं पुस्तक घरी आणून एकटेच वाचत बसलात, तर तिसऱ्या पानावर कंटाळा येण्याची शक्यता फार. कारण नाटक हे कादंबरीसारखं पुरं झालेलं पुस्तक नसतं. कादंबरीकार तुम्हाला ऊन-पाऊस सांगतो, माणसांच्या मनातलंही सांगतो. नाटककार देतो फक्त बोलणं, आणि कंसात दोन-चार सूचना. उरलेलं सगळं आपण भरायचं असतं. म्हणून नाटक मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. घरातल्यांना पात्रं वाटून द्या. आजीला राक्षस आणि धाकट्या भावाला राजा करून बघा, काय धमाल येते ती!

राक्षसावरून आठवलं. पहिलं पुस्तक म्हणून रत्नाकर मतकरींची बालनाट्यं घ्या. ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नावं तुमच्या आई-बाबांनाही ठाऊक असतील. मतकरींनी १९६२ मध्ये मुलांच्या नाटकांसाठी ‘बालनाट्य’ ही संस्था काढली होती. पु. ल. देशपांड्यांचं ‘वयं मोठं खोटम्’ही याच कपाटात सापडेल.

आठवी-नववीत गेलात, की पुलंचंच ‘ती फुलराणी’ वाचायला घ्या. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचं, ‘पिग्मॅलियन’. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला एक प्राध्यापक उच्चभ्रू लोकांची भाषा शिकवतो, अशी त्याची गोष्ट. पुलंनी त्या मुलीची मंजुळा केली आणि ती १९७५ मध्ये मराठी रंगमंचावर आली. हे नाटक वाचताना मंजुळाची सगळी वाक्यं ओळीने म्हणून बघा. सुरुवातीला ती कशी बोलते, शेवटी कशी बोलते? फक्त शब्द बदलले, की उभं राहणं, बघणं आणि रागावणंही बदललं? हे शोधलंत, की नटाचा अर्धा अभ्यास झाला.

पण नाटकात नट एकटाच नसतो. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ मध्ये आलं. एक ठक निरनिराळी नावं घेऊन लोकांना फसवतो, आणि त्याच्यावर खटला चालतो. कोर्टात साक्षीदार येतो, बोलू लागतो आणि त्याने सांगितलेला प्रसंग आपल्यासमोर घडतो. पुन्हा कोर्ट, पुन्हा दुसरा प्रसंग. आता विचार करा, दर वेळी पडदा पाडून सामान हलवत बसलं, तर प्रेक्षक जांभया देणार नाहीत का? या नाटकाला त्यावर उत्तर सापडलं ते फिरत्या रंगमंचाचं. एक देखावा प्रेक्षकांसमोर, दुसरा मागे तयार. रंगमंच फिरला, की जागा बदलली! प्रभाकर पणशीकर त्यात पाच वेगवेगळी सोंगं घेऊन वावरत. कागदावर जे केवळ ‘स्थळ : कोर्ट’ असतं, त्यातून नेपथ्यकाराचं काम सुरू होतं, ते असं.

आणखी मोठे झालात, की महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) वाचा. विदर्भातल्या एका खेड्यातलं जुनं घराणं हळूहळू खचतंय. दारात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो एक शब्द बोलत नाही, तरी घराची सगळी दशा सांगतो. वस्तूही बोलतात, हे इथे कळतं. मग वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (१९७०) आणि विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) ही नाटकं कॉलेजात जाईपर्यंत तुमची वाट बघतील. घाई नको.

एक युक्ती सांगते. नाटकाच्या पुस्तकाची पहिली पानं कधी उलटून टाकू नका. पहिला प्रयोग कधी नि कुठे झाला, दिग्दर्शक कोण, नेपथ्य कुणाचं, प्रकाशयोजना कुणाची, हे पुष्कळदा तिथेच छापलेलं असतं. प्रयोग करण्यासाठी परवानगी कुणाची घ्यायची, तेही असतं. परवानगीचं पत्र आधी आणि तालीम नंतर, ही सवय आत्तापासूनच लागू द्या.

नाटकं झाली. आता नाटकाबद्दलची पुस्तकं. पहिलं अर्थातच भरतमुनींचं नाट्यशास्त्र. नावाला घाबरू नका. त्याच्या पहिल्याच अध्यायातली गोष्ट तुम्हाला आवडेल. देवांनी दैत्यांना हरवलं, असं दाखवणारा पहिला प्रयोग सुरू होतो. दैत्य चिडतात आणि नटांची वाणी, हालचाल आणि आठवण गोठवून टाकतात! म्हणजे रंगमंचावर उभं राहून बोलणं विसरायची परंपरा किती पुरातन आहे, बघा! मग इंद्र आपला ध्वजदंड उचलून विघ्नं पळवतो आणि नाटकासाठी चांगलं भक्कम नाट्यगृह बांधलं जातं. पुढे त्या नाट्यगृहाची मापं, डोळ्यांच्या नजरा, हातांच्या मुद्रा, रस असं सगळं येतं. मराठी अनुवादातून पहिले दोन अध्याय वाचलेत, तरी सध्या पुष्कळ झालं.

दुसरं पुस्तक रशियातलं. कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्की यांनी १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर सुरू केलं. अभिनय कसा शिकावा यावरचं त्यांचं पुस्तक एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीसारखं आहे. के. नारायण काळे यांनी ते ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणलं. त्यातला एकच शब्द आज लक्षात ठेवा, ‘जर’. ‘मी दुःखी दिसतो का?’ असं आरशाला विचारायचं नाही. ‘जर माझं कुत्र्याचं पिल्लू खरंच हरवलं असतं, तर मी आत्ता काय केलं असतं?’ असं स्वतःला विचारायचं. चेहरा मग आपोआप वळण घेतो.

तिसरा खण आत्मचरित्रांचा. हा खण मुलांनी आणि आई-बाबांनी मिळून उघडावा, असं मला वाटतं. चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ वाचा. जुन्या नाटक मंडळ्यांचं जग त्यात आहे, आणि त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पणशीकरांचं ‘तोच मी!’, विजया मेहतांचं ‘झिम्मा’, दिलीप प्रभावळकरांचं ‘एका खेळियाने’, ही पुढची काही नावं. आणि डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’. लमाण म्हणजे बैलांवर माल लादून या गावचा त्या गावी नेणारा. लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवणारा तो नट! लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. पुण्यात नाटकं करत होते, परदेशात डॉक्टरकीही केली, आणि १९६९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, पूर्ण वेळ नट झाले.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. ‘यात पोट भरतं का?’ हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही. नाटकात दर महिन्याच्या एक तारखेला पगार मिळेल, असं सांगता येत नाही. पण मुलाला नुसतं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा यातलं एखादं आत्मचरित्र त्याच्या हाती द्या आणि स्वतःही वाचा. मग घरात जी चर्चा होईल, ती खरी होईल. शिवाय नाटक म्हणजे फक्त नट नव्हे. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, ध्वनी, व्यवस्थापन, लेखन, किती कामं! रीतसर शिक्षणही आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. आणि मुलांनो, या दिल्लीच्या विद्यालयात प्रवेश पदवीनंतरच मिळतो बरं का! तेव्हा नाटकासाठी अभ्यास सोडायचा, हे गणित मुळातच चुकतं. इतिहासाच्या तासाला पेशवाईतला पोशाख कळतो, विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचा कोन कळतो. नाटकवाल्याला यातलं काहीच वाया जात नाही.

शेवटी या आठवड्याचा उद्योग. कुठल्याही नाटकाचं एकच पान घ्या आणि चार वेळा वाचा. पहिल्यांदा नट म्हणून : मला या क्षणी काय हवंय? दुसऱ्यांदा दिग्दर्शक म्हणून : कोण कुठे उभं आहे? तिसऱ्यांदा नेपथ्यकार म्हणून : दार कुठे, खिडकी कुठे? चौथ्यांदा प्रकाशयोजनाकार म्हणून : सकाळ आहे की रात्र, उजेड कुठून येतो? प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहा. चार वाचनांत पान तेच राहतं, पण तुम्हाला दिसणारं नाटक वाढत जातं. ज्याला ही वाढ बघायला मजा वाटली, त्याने खुशाल समजावं, नाटकाच्या दारापर्यंत आपण पोचलो आहोत.

पुढच्या आठवड्यात भेटूच, नव्या पुस्तकांसह!