साक्ष द्यायला आम्ही का उभे राहिलो नाही



यंदाच्या नोव्हेनात एक दिवस आजारी मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ठेवला होता. संयोजकांनी आठवडाभर आधी आम्हा दोघांना विचारले. तुमचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, चौतीस दिवस काचेच्या पेटीत होता, आणि आज पहिल्या कम्युनियनच्या वर्गात बसतो. मिस्सानंतर दहा मिनिटे साक्ष द्या. शेवटी एवढेच म्हणा, ‘आमच्या विश्वासामुळे आमचे बाळ वाचले.’

आम्ही नाही म्हटले. तेव्हापासून कुजबूज चालू आहे. धर्मशिक्षकाच्याच घरात कृतज्ञता नाही, देवाने दिले आणि हे विसरले, असे बोलले जाते. तोंडावर कोणी विचारत नाही, म्हणून इथे उत्तर लिहितो.

उपकार आम्ही विसरलेलो नाही. साडेतेराशे ग्रॅमचे ते लेकरू, तळहाताएवढी पाठ, नाकात नळी, दर दोन तासांनी नळीतून जाणारे दोन-दोन मिलिलिटर आईचे दूध, हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर आहे. रोज रात्री जेवणाआधी आम्ही देवाचे आभार मानतो. आमचे अडते ते फक्त त्या शेवटच्या वाक्यापाशी. कारण त्या वाक्याची दुसरी बाजू आम्ही त्याच खोलीत पाहिली आहे.

आमच्या शेजारच्या पेटीत खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या जोडप्याची मुलगी होती. आपलीच माणसे, आपल्याच धर्मप्रांतातली. ती आई आमच्यापेक्षा जास्त प्रार्थना करायची. आम्ही रात्री बाकावर पेंगायचो, तेव्हा तिच्या हातात जपमाळ फिरत असायची. बाप शुक्रवारी पाण्याच्या थेंबावर राहायचा. अकराव्या दिवशी बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. रात्री डॉक्टरांनी बाहेर येऊन हळू आवाजात सांगितले. फादरांना फोन केला, ते निघालेही, पण तेवढा वेळ नव्हता. मृत्यूचा धोका असेल तेव्हा कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे आम्ही वर्गात किती वर्षे शिकवत आलो होतो. त्या रात्री ते करावे लागले. कन्नड बोलणाऱ्या सिस्टरने सुई काढलेल्या सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरून दिले. आईने ठरवलेले नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, ते पाणी आम्ही त्या एवढ्याशा कपाळावरून ओघळू दिले. पहाटेपूर्वी ती गेली.

सकाळी त्या आईने आम्हाला पहिला प्रश्न विचारला, ‘मास्तर, आमचा विश्वास कमी पडला काय हो?’

हा प्रश्न तिच्या मनात आपोआप आला नव्हता. अकरा दिवस भेटायला येणाऱ्यांनी तो थोडाथोडा पेरला होता. ‘विश्वास ठेव, सगळे ठीक होईल.’ ‘घरात कोणाचे काही चुकले आहे का, आठवून बघा.’ ‘डॉक्टरांवर इतका भरवसा नको, उपासाची प्रार्थना धरा.’ आणि शेवटी, ‘देवाला आपल्या बागेत फूल हवे होते.’ बोलणारी माणसे वाईट नव्हती. फळे घेऊन आली होती, डोळे पुसत गेली. आणि खरे सांगायचे तर आधीची बारा-पंधरा वर्षे अशा घरी जाऊन आम्हीही हीच वाक्ये बोललो होतो. स्वतः त्या बाकावर बसेपर्यंत ती कानाला कशी लागतात हे आम्हाला कळले नव्हते.

आता हिशेब मांडून पाहा. आमचा मुलगा विश्वासामुळे वाचला असेल, तर ती मुलगी कशामुळे गेली? व्यासपीठावरून आम्ही पहिले वाक्य म्हटले, की दुसरे वाक्य न बोलताही त्या आईपर्यंत पोचते. आपल्या देवळातही मागच्या बाकांवर अशा दोन-तीन आया बसतात. त्यांच्यासमोर हे वाक्य उच्चारायला आमची जीभ वळत नाही.

कोणी म्हणेल, हा तुमचा भावनिक विचार झाला, शास्त्र काय सांगते? शास्त्रच पाहू. लूकच्या तेराव्या अध्यायात बुरूज कोसळून अठरा जण मेल्याची गोष्ट येते. ते इतरांहून जास्त पापी होते असे समजू नका, असे प्रभू स्पष्ट बजावतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की आईबापांचे? प्रभू दोन्ही नाकारतो. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही. आणि गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष पुत्राने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. पुत्राचा विश्वास कमी पडला, असे म्हणायचे धाडस आपल्यात आहे का?

त्याहून जवळची एक गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. शूनेमच्या बाईचा मुलगा तिच्या मांडीवर मरतो. ती थेट अलीशाकडे जाते आणि त्याचे पाय धरते. मी मुलगा मागितला होता का, असे ती त्याला विचारते. गेहजी तिला दूर लोटायला पुढे होतो. अलीशा त्याला थांबवतो. तिचा जीव कळवळला आहे, आणि परमेश्वराने ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली आहे, असे तो कबूल करतो. एवढा मोठा संदेष्टा म्हणतो, मला माहीत नाही. आणि आपण हॉस्पिटलच्या जिन्यावर उभे राहून देवाच्या मनातले कारण सांगतो! त्या बाईचे रडणे, भांडणे, पाय न सोडणे यालाच शास्त्र विश्वास मानते. आपण मात्र गेहजीसारखे, आईने जरा आवाज चढवला की तिला ‘असे बोलू नये’ म्हणून मागे ओढतो.

डॉक्टरांविषयीही एकदा स्पष्ट बोलू. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे देवानेच जमिनीतून उपजवली असे शिकवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे उघडी राहायला लागणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. तो औषध म्हणून नळीतून द्यावा लागतो. हे औषध नाकारून प्रार्थना करा, असे सांगणारा माणूस देवावर विश्वास ठेवत नसतो, तो दुसऱ्याच्या लेकरावर पैज लावत असतो.

आणखी एक भीती घरातली वडीलधारी माणसे घालतात. बाप्तिस्म्याआधी बाळ गेले तर त्याचे काय? ख्रिस्तसभा अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवते. तिच्या धर्मशिक्षणग्रंथात तसे लिहिले आहे, आणि २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही त्यांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असे मांडले. धोका दिसताच बाप्तिस्मा जरूर द्या. पण वेळ चुकली म्हणून आईला जन्मभर टोचू नका.

मग प्रार्थनेचा उपयोग काय, असे आम्हाला विचारले जाते. आमच्यापुरते सांगतो. सतराव्या दिवशी मुलाचा श्वास दोनदा थांबला. त्यानंतर आम्हाला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुद्धा शेवटपर्यंत म्हणता येईना. तेव्हा आमच्या वाड्यातली चार माणसे पाळीपाळीने त्या बाकावर येऊन बसली. एकाने डबा आणला, एकाने रक्त दिले, एका काकूंनी आमच्या मोठ्या मुलीला तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवले, आणि एक आजोबा रात्रभर जागले म्हणून आम्ही चार तास झोपलो. उपदेश कोणी केला नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार जण पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. खाटेवरच्याला विश्वास होता की नव्हता, याची चौकशी होत नाही. आमच्या वाट्याला आलेली प्रार्थना ती. आमचा विश्वास संपला होता तेव्हा आमच्या वाटचा विश्वास दुसऱ्यांनी खांद्यावर वाहिला.

म्हणून संयोजकांना आमचे सांगणे असे आहे. साक्ष जरूर व्हावी. पण जगलेल्या बाळांच्या आईबापांनाच का बोलावता? ज्यांचे पाळणे रिकामे राहिले आणि तरीही जे रविवारी मिस्साला येतात, त्यांच्याइतका विश्वास आमच्यापाशी नाही. त्यांना बोलायचे असेल तर माईक त्यांना द्या. नसेल बोलायचे, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांच्या बाळाचे नाव घ्या. ‘दुसरे होईल’ म्हणू नका. चाळीस दिवसांनी पुन्हा जा, वर्षाने पुन्हा जा.

खानापूरची ती आई अजून दर वर्षी त्या तारखेला आम्हाला फोन करते. त्या दिवशी आम्ही तिच्या मुलीच्या नावाने मिस्सा ठेवतो. तिच्या त्या सकाळच्या प्रश्नाला तेव्हा आम्ही फक्त ‘नाही’ म्हटले होते. आज थोडे अधिक बोलू शकतो. नाही ताई, तुमचा विश्वास कमी पडला नाही. कमी पडलो ते आम्ही, तुमच्या भोवतीची माणसे.

हे प्रभू येशू, आज रात्री काचेच्या पेट्यांबाहेर जागणाऱ्या सगळ्या आईबापांच्या जवळ बस. डॉक्टर आणि सिस्टर यांचे हात स्थिर ठेव. आणि आम्हाला तिथे पाठवशील तेव्हा आमचे तोंड बंद आणि हात मोकळे ठेव. आमेन.