गोळीचा न्याय कोणाच्या सोयीचा?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या कष्टकरी वस्त्यांतून अमली पदार्थांच्या प्रश्नावर आज एकच उपाय मोठ्या आवाजात सांगितला जातो. एमडीची पुडी विकणारा सापडला की त्याला कोर्टकचेरी न करता जागीच संपवावे, म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल, असा हा उपाय आहे. ही भाषा केवळ दंडेलशाहीवर विश्वास असणाऱ्यांची राहिलेली नाही. ज्यांची तरुण मुले या विषाच्या विळख्यात सापडली त्या आयांची, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांची, आणि खेदाची गोष्ट म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या काही जणांचीही ती झाली आहे. तेव्हा तिच्याकडे नाक मुरडून पाहणे समाजवादी कार्यकर्त्याला परवडणारे नाही. या मागणीमागचा संताप खरा आहे. तिने सुचवलेला उपाय मात्र खोटा आहे. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या विरुद्ध तो वापरला जाईल अशी जनतेची समजूत आहे, नेमक्या त्यांच्याच तो सोयीचा आहे.

संताप खरा का, हे आधी समजून घेतले पाहिजे. व्यसनी मुलगा घरातली भांडी विकतो, आईवर हात टाकतो, आणि त्याला माल पुरवणारा अड्डा कोठे आहे हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते. जे वस्तीला ठाऊक असते ते पोलीस ठाण्याला ठाऊक नसेल, यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. तक्रार करणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत अड्ड्यावर पोहोचते, आणि पकडला गेलेला मनुष्य दोन आठवड्यांत पुन्हा त्याच कोपऱ्यावर दिसतो. कायद्याचा हा अनुभव आलेल्या माणसाने कायद्याबाहेरचा उपाय मागावा, यात नवल नाही. परंतु येथे एक विसंगती आहे आणि तिच्यावर बोट ठेवणे अगत्याचे आहे. ज्या पोलीस यंत्रणेवर तक्रार नोंदवण्याइतकाही विश्वास नाही, तिच्याच हाती माणसाचा जीव घेण्याचा निरंकुश अधिकार द्यावा, अशी ही मागणी आहे.

या अधिकाराचा वापर कसा होतो, याचा धडा याच परिसराने घेतलेला आहे. ते प्रकरण अमली पदार्थांचे नव्हते. पण गोळीचा न्याय लोकप्रिय झाला तो त्यातून. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. पालकांची फिर्याद नोंदवून घेण्यास पोलिसांनी तासन् तास लावले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेल्वे रोखून धरली. आरोपी त्या शाळेतील सफाई कामगार होता. २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा वळणरस्त्याजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावून घेऊन गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. त्यांवर तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्र्यांच्या हाती बंदूक होती. मृताला पुरण्यासही अंबरनाथ-बदलापुरात जागा मिळेना. अखेर उल्हासनगरच्या शांतिनगर स्मशानभूमीत, तेथील विरोधानंतर, पोलीस बंदोबस्तात त्याला पुरावे लागले.

पुढे काय झाले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत, बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि गाडीतील पाच पोलीस या मृत्यूला जबाबदार आहेत, असा त्याचा आशय होता. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला; सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्या पथकाच्या रचनेपुरता बदल केला. आता मूळ गुन्ह्याचा विचार करावा. तो आरोपी दोषी होता की नाही, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही. शाळेत कोणी काय दडपले, कोणाला आधी माहीत होते, हे सांगू शकणारा एक मनुष्य कायमचा गप्प झाला. शाळेच्या विश्वस्तांना अटक झाली ती या मृत्यूनंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये. ज्या दोन मुलींसाठी सारे शहर रुळांवर उतरले, त्यांना खटल्याअंती मिळणारा न्याय त्या गोळीने हिरावून घेतला.

याच वर्षी याच पट्ट्यात दुसरी एक घटना घडली होती. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच, एका राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप कल्याण पूर्वच्या तत्कालीन सत्ताधारी आमदारावर आला. घटना कॅमेऱ्यात टिपली गेली होती. त्या आमदाराला अटक झाली, वकील मिळाला, न्यायालयापुढे बाजू मांडता आली. हे योग्यच झाले. पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याच्या पत्नीला उमेदवारी दिली आणि ती निवडून आली. पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्याचा आरोप असलेल्याला न्यायालय, आणि सफाई कामगाराला वळणरस्त्यावरची गोळी, हा फरक गुन्ह्याच्या गांभीर्यावरून ठरला नाही. तो वर्गावरून ठरला. अमली पदार्थांच्या बाबतीत चकमकींचे धोरण आले तर मरणाऱ्यांची यादी कोणत्या वस्तीतून तयार होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आता धंद्याची रचना पाहावी. एमडी म्हणजे मेफेड्रोन हे शेतात पिकत नाही. ते रसायनांपासून, भट्ट्या आणि पिंपे असलेल्या कारखान्यांत तयार होते. त्यासाठी कच्चा माल लागतो, रसायनशास्त्र जाणणारा मनुष्य लागतो, वीज लागते, मालवाहतूक लागते, आणि डोळेझाक करणारा निरीक्षक लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत उघडकीस आलेले कारखाने याचीच साक्ष देतात. नाशिकच्या प्रकरणातील ललित पाटील हा आरोपी अटकेत असताना कित्येक महिने पुण्याच्या ससून रुग्णालयात मुक्काम करून होता. तेथील फाटकाबाहेर माल पकडला गेला आणि दोन दिवसांत, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, तो पसार झाला. तो जिवंत पकडला गेला म्हणूनच पोलीस आणि रुग्णालयातील माणसांच्या भूमिकेचा तपास करणे भाग पडले. पकडताना तो चकमकीत मारला गेला असता, तर किती जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता!

अंबरनाथ-बदलापूरचा पट्टाही रासायनिक कारखान्यांचाच आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून विषारी रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वास कोंडून रुग्णालयात जावे लागले. कोणत्या टँकरमध्ये काय भरले आहे, ते कोठून निघाले आणि कोठे रिते झाले, याची नोंद ठेवू न शकणारे शासन अमली पदार्थांचा कच्चा माल कसा रोखणार? हे काम कंटाळवाणे आहे. त्यात नोंदवह्या तपासाव्या लागतात, मालकांना दुखवावे लागते, हप्ते थांबवावे लागतात. नाक्यावरच्या एखाद्या पोराला गोळी घालणे त्या मानाने फार सोपे. तो पोर या साखळीतला शेवटचा दुवा असतो आणि पुष्कळदा स्वतःच व्यसनी असतो. त्याच्या वरचा दुवा कोण, हे एकट्या त्याला ठाऊक असते. तो मेला की वरचे सगळे सुरक्षित होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावर उभा राहण्यास दुसरा बेकार तरुण मिळतो.

चकमकींचे शस्त्र गुन्हेगारांपुरतेच मर्यादित राहील, हाही भ्रम आहे. मुंबईत जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला तेव्हापासून ‘चकमकफेम’ अधिकाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. वर्तमानपत्रांनी त्यांची बळीसंख्या धावफलकाप्रमाणे छापली. त्याची परिणती नोव्हेंबर २००६ च्या लखनभैया प्रकरणात झाली. वाशीतून उचललेल्या माणसाला वर्सोव्यात चकमकीत मेलेला दाखवण्यात आले. जमीनजुमल्याच्या धंद्यातील वैमनस्य त्यामागे असल्याचे खटल्यात पुढे आले. एक महत्त्वाचा साक्षीदार साक्षीपूर्वी, २०११ मध्ये, बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेहच सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले. त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा या माजी अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात, २०१५ मध्ये, राज्य शासनाने दोषी पोलिसांपैकी ११ जणांची शिक्षा स्थगित केली होती. तो निर्णय उच्च न्यायालयाला रद्द करावा लागला. कायद्यावाचून मारण्याचा परवाना एकदा दिला की तो भाड्यानेही मिळू लागतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. थायलंडमध्ये २००३ साली पंतप्रधान थाकसिन यांनी अमली पदार्थांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले आणि तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसे मारली गेली. नंतरच्या चौकशीत त्यांतील सुमारे निम्म्या लोकांचा या धंद्याशी संबंधच आढळला नाही. फिलिपीन्समध्ये २०१६ पासून अध्यक्ष दुतेर्ते यांच्या राजवटीत केवळ पोलीस कारवायांत सहा हजारांवर माणसे मारली गेल्याचे सरकारी आकडेच सांगतात. मेले ते बहुतांशी शहरांतील झोपडपट्ट्यांचे रहिवासी. मार्च २०२५ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या आरोपावरून दुतेर्ते यांना अटक करून हेगला नेण्यात आले. अमली पदार्थ मात्र त्या दोन्ही देशांतून गेलेले नाहीत.

‘कायदा मवाळ आहे’ ही तक्रारही तपासून घ्यावी. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ सालचा. १९८९ मध्ये त्यात ठरावीक गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी फाशी सक्तीची करण्यात आली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीने फाशी ऐच्छिक झाली. ५० ग्रॅम मेफेड्रोन सापडले तर किमान शिक्षा दहा वर्षांची, आणि जामीन मिळणे अतिशय कठीण. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने असे गुन्हे मोक्काच्या कक्षेत आणले. कायदा कठोर करण्याची स्पर्धा चार दशके चालू आहे. तपास प्रामाणिक करण्याची स्पर्धा अद्याप सुरू व्हायची आहे.

‘मानवी हक्क नेहमी गुन्हेगारांचेच का?’ असा प्रश्न वस्तीत विचारला जाईल आणि कार्यकर्त्याने त्याला सरळ उत्तर द्यावे. हा प्रश्न गुन्हेगाराच्या हक्काचा नाही; कोण गुन्हेगार हे कोणी ठरवावे, याचा आहे. ते फौजदाराने रस्त्यावर ठरवायचे असेल तर उद्या संपातला कामगार, झोपडी पाडण्यास विरोध करणारी बाई किंवा मोर्चातला विद्यार्थी यांनाही तो गुन्हेगार ठरवू शकेल. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, जयप्रकाशांनी नागरी स्वातंत्र्यासाठी लोकसंघटन उभारले ते याच जाणिवेने. त्या पीयूसीएलच्याच याचिकेवर, मुंबईतील चकमकींच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करण्याचे दंडक घालून दिले. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षांनी, त्याच दिवशी, मुंब्र्याजवळ ती गोळी सुटली.

केवळ निषेध करून कार्यकर्त्याची जबाबदारी संपत नाही. वस्तीला दुसरा मार्ग दाखवता आला नाही तर वस्ती गोळीकडेच वळेल. तो मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८६ मध्ये गर्दने पुण्या-मुंबईतील तरुणांना ग्रासले तेव्हा डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्याने पुण्यात मुक्तांगण उभे केले. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम त्या कठोर कायद्यातही आहे. पण पुण्यापर्यंत जाण्याचे भाडे आणि महिन्याची मजुरी बुडवण्याची ऐपत कितीशा घरांत असते? म्हणून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात मोफत, निवासी व्यसनमुक्ती विभाग चांगल्या क्षमतेने चालला पाहिजे, ही मागणी प्रत्येक वस्तीसभेत व्हावी. औद्योगिक वसाहतींतील बंद आणि भाड्याने दिलेल्या गाळ्यांची तपासणी कोणी, कधी केली, याची माहिती अधिकाराखाली विचारणा व्हावी. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त औषधे चिठ्ठीवाचून विकणाऱ्या दुकानांबाबत अन्न व औषध प्रशासनाला जाब विचारला जावा. अमली पदार्थांच्या प्रत्येक मोठ्या खटल्यात माल कोठून आला हे आरोपपत्रात आहे की नाही, याचा पाठपुरावा व्हावा. आणि तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्या पोलिसावर कारवाई होईपर्यंत ठाण्यापुढे ठिय्या द्यावा.

ज्या आईने पोटचा पोर या विषापायी गमावला आहे तिला तत्त्वज्ञान ऐकवू नये. तिला एवढेच सांगावे की तिच्या पोराला पुडी देणारा मेला, तर ती पुडी बनवणाऱ्याचे नाव तिला कधीच कळणार नाही. तो जिवंत कोर्टात उभा राहिला पाहिजे आणि त्याने बोलले पाहिजे. त्याने बोलावे याचीच धास्ती ज्यांना आहे, गोळीचा न्याय त्यांच्या सोयीचा आहे.