डिस्नेलँडची गर्दी आणि १९८२ नंतर फिरलेला हिशेब

१७ जुलै १९५५, रविवार. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँडचे उद्घाटन झाले, ते केवळ निमंत्रितांसाठी. पण बनावट तिकिटांच्या आधारे असंख्य अनाहूत आत शिरले आणि गर्दी सुमारे २८,००० वर गेली. ऊन असे, की ताज्या डांबरात स्त्रियांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी राहिली. (वॉल्ट डिस्नेने शौचालयांना अग्रक्रम दिला होता, आणि ते शहाणपणाचेच होते!) या दिवसाला पुढे ‘काळा रविवार’ हे नाव पडले.

तरीही त्या काळी गर्दीत खिसा फारसा कापला जात नसे. प्रवेशशुल्क वेगळे, राइडचे पैसे वेगळे. ऑक्टोबर १९५५ पासून कूपनांच्या पुस्तिका निघाल्या. न वापरलेले कूपन पुढच्या भेटीत चाले. गर्दी वेळ खाई, कूपन नव्हे.

१९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या आणि जवळजवळ सर्व राइड एकाच तिकिटात आल्या. सोय मोठी, परंतु रांगेचा भुर्दंड तेव्हापासून पाहुण्याच्या माथी बसला. दहा राइड मिळोत वा तीन, किंमत तीच. २०१६ पासून तर गर्दीच्या दिवसाचे तिकीटच अधिक महाग असते. नाताळच्या आठवड्यात राइडच्या ओढीने तेथे जाणे म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. केवळ रोषणाई आणि मेन स्ट्रीटवरची वर्दळ पाहू इच्छिणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना राइडच्या रांगेत उभे राहायचेच नसते.