आधी जागा, मग वर्ग

बेरोजगारांना काम मिळवून देणे हे महाविद्यालयाचे काम नव्हे, असे मानणारा मोठा वर्ग आपल्या प्राध्यापकांत आणि शिक्षणचिंतकांत आहे. विद्यापीठाने माणूस घडवावा, कामगार घडवणे कारखानदाराने पाहावे, आणि तो एकदा वर्गात शिरला की अभ्यासक्रम त्याच्या सोयीने कापला जाईल, असे त्यांचे म्हणणे. यातली भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जुलै 2023 ते जून 2024 या वर्षाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सर्वांचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आला, आणि 15 ते 29 वयोगटाचा 10.2 टक्के. शिक्षण संपवून बाहेर पडण्याच्या वयातच काम मिळणे सर्वांत अवघड आहे. अशा वेळी पदवी हातात ठेवून हात झटकणारे महाविद्यालय ज्ञानाचे पावित्र्य राखते, हे मला मान्य नाही. मालकाशी बोलणी करण्याचा भार ते त्या एकट्या मुलावर किंवा मुलीवर टाकते. संस्था म्हणून महाविद्यालयाने ही बोलणी केली, तर अटी घालण्याचे बळ त्याच्याकडे असते.

मात्र हे बळ वापरले जात नाही, आणि महाविद्यालये व उद्योग यांच्या आजच्या भागीदारीचा खरा दोष तिथे आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात कार्यरत सामंजस्य करारांची संख्या विचारली जाऊ लागली, तेव्हापासून करार हेच साध्य होऊन बसले. फोटो निघतो, एखादे व्याख्यान होते, कारखान्याला एक भेट होते, आणि फाइल पूर्ण होते. सरकारी योजनांची घडणही याच वळणाची आहे. 2007-08 मध्ये देशातील 1,396 सरकारी आयटीआय खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना आली. व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाला मिळाले, पण प्रत्येक संस्थेमागे अडीच कोटींपर्यंतचे बिनव्याजी कर्ज केंद्र सरकारचे होते. 2024 मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय-पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन राज्याच्या तिजोरीतून जाऊ लागले. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा झाली. बाराव्या महिन्यात काय, याचे उत्तर योजनेत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, पण शिकून झाल्यावर त्यांना नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. बहुतेक योजनांत सूत्र एकच दिसते: पैसा सरकारचा, वेळ तरुणाचा, आणि मालकाचे फारसे काही पणाला लागलेले नाही. ज्याचे काही गुंतलेले नाही तो पाहुणा असतो, भागीदार नव्हे.

मालकाला आधी गुंतवले तर काय होते, याचा चांगला पुरावा अमेरिकेतील टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात आहे. 1990 मध्ये तिथला लीवाय स्ट्रॉसचा कपड्यांचा कारखाना बंद झाला आणि हजारभर कामगार, त्यांतल्या बहुतेक मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया, रस्त्यावर आले. शहरातील चर्चप्रणीत लोकसंघटनांनी आधी मालकांना गाठले, शेकडो जागांची वचने घेतली आणि मगच स्थानिक कम्युनिटी कॉलेजांना त्या जागांसाठी शिकवायला सांगितले. ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ असे या उपक्रमाचे नाव. पुढे त्याचा भर रुग्णालयांतील परिचारिका व तंत्रज्ञांच्या कामांवर राहिला. शुल्क, प्रवास, मुलांचा सांभाळ यांना मदत मिळे आणि समुपदेशकाबरोबर दर आठवड्याला बैठक असे. 2006 ते 2008 दरम्यान आलेल्या अर्जदारांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून अनेक वर्षे तुलना झाली. सुरुवातीला शिकणारा गट कमाईत मागे होता, कारण तो वर्गात बसला होता. सहाव्या वर्षी मात्र तो दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे 5,000 डॉलर जास्त कमावत होता. तीन महिन्यांचे प्रमाणपत्र देऊन आकडे फुगवणाऱ्यांनी यातला कालावधी ध्यानात घ्यावा.

यावर पहिला आक्षेप असा की नोकऱ्याच नाहीत, तिथे प्रशिक्षण काय करणार? आक्षेप बरोबर आहे. प्रशिक्षणाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, आणि ‘कौशल्य नाही म्हणून काम नाही’ हा दावा दोष बेरोजगारावरच ढकलतो. म्हणून तर आधी जागा मागायच्या. मालक जागा कबूल करत नसेल, तर त्या कामाचा वर्ग सुरूच करू नये. निदान वर्षभराने होणारी फसवणूक टळेल. चाकण-रांजणगावसारखे कारखाने गडचिरोली-हिंगोलीत नाहीत, हेही खरे. पण जिल्हा रुग्णालय, एसटीची कार्यशाळा, महावितरण, सहकारी बँका हेही मालकच आहेत, आणि कंत्राटदारामार्फत माणसे घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने खासगी कारखान्याला जबाबदारी शिकवू नये.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकांचा: वीस माणसांच्या युनिटला आधी जागा कबूल करण्याचा भार झेपत नाही. एकट्याला झेपणार नाही, पण औद्योगिक वसाहतींच्या संघटना आहेत. दहा युनिटांनी मिळून दोन-दोन जागा दिल्या तर वीस जणांचा वर्ग उभा राहतो. शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार आजही उचलते.

‘पोरं टिकत नाहीत’ ही मालकांची तक्रार मात्र मी तशीच मान्य करणार नाही. खोलीभाडे, मेस आणि प्रवास वजा जाता हातात काय उरते, हे त्या तक्रारीत कधी मोजलेले नसते. सॅन अँटोनिओत पाळणाघर आणि बसभाडे हा प्रशिक्षणाचाच भाग होता. आपल्याकडे लहान मूल असलेली पदवीधर स्त्री या योजनांच्या हिशेबातच येत नाही, आणि चार वर्षांपूर्वी पदवी घेऊन घरी बसलेला तरुण प्लेसमेंट सेलच्या यादीतून केव्हाच बाद झालेला असतो. महाविद्यालयाने दार उघडायचे ते या दोघांसाठी. नॅकनेही करारांची संख्या विचारणे थांबवून प्रत्येक कराराखाली किती जण कामाला लागले, कोणत्या पगारावर, आणि वर्षानंतर त्यांतले किती त्या किंवा त्याहून बऱ्या पगारावर आहेत, हे विचारावे. माहिती महाविद्यालयाच्या आणि मालकाच्या, दोघांच्या सहीने यावी.