गोदाकाठचे सोवळे आणि पापाचा दुसरा अर्थ

लक्ष्मीबाई टिळकांचे धर्मांतर बहुधा 'पतीच्या मागोमाग पत्नी' अशा एका ओळीत उरकले जाते. ही मांडणी आळशी आहे, आणि 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला ती पटू नये.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. त्या घरात दोष स्पर्शाने लागे आणि पाण्याने जाई. शेजारी गोदावरी, रामकुंडातील स्नानाने पाप फिटते ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा.

ख्रिस्ती शिकवणीचा रोख नेमका येथे वेगळा. पौलाच्या लेखी पाप म्हणजे विटाळ नव्हे, तर माणसाचे देवापासून दुरावणे. ते स्नानाने, व्रताने वा स्वतःच्या पुण्याईने फिटत नाही. पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यास देव कृपेने नीतिमान ठरवतो. मराठी बायबलातील 'नीतिमत्त्व' हा शब्द म्हणूनच फसवा आहे: ऐकणाऱ्यास तो सदाचाराची कमाई वाटतो, आणि शिकवण तर कमाईच नाकारते. 'पश्चात्ताप' मात्र परका नव्हता. संतांच्या 'अनुतापा'ने त्याची वाट कधीच मळवून ठेवली होती. (नारायण वामन टिळकांनी पुढे ख्रिस्त अभंगांतून गायला, हा योगायोग नव्हे.)

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे महत्त्वाची. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. मग एक प्रश्न त्यांना छळू लागला: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर गवसले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

म्हणजे त्या पापाच्या धास्तीने ख्रिस्ताकडे गेल्या नाहीत. विटाळ हे पाप नव्हेच, हे आधी उमगले. बाकीचे सिद्धान्त मागाहून आले. पंडिता रमाबाईंचा क्रम याच्या उलट. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. केवळ विश्वासाने तारण मिळते हे त्यांना उमजले ते काही वर्षांनी. बाप्तिस्म्याच्या तारखेलाच धर्मांतर समजणारा अभ्यासक या दोघींनाही ओळखत नाही.

आणि 'पतीच्या मागोमाग' म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.